टेप, ओळंबा आणि पाठ्यपुस्तक

घरात रंगकाम किंवा फरशीचे काम काढले की शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबात पहिला निर्णय होतो तो मुलांना आठवडाभर आजोळी धाडण्याचा. धूळ उडते, वास येतो, मिस्त्री वैतागतात आणि पोरे पायांत येतात. काम उरकले की मुले परत येतात, नव्या भिंतीला हात लावायचा नाही अशी तंबी मिळते आणि शाळा सुरू होते. शाळेत यथावकाश क्षेत्रफळाचा धडा येतो. 'एका खोलीची लांबी ४ मीटर व रुंदी ३ मीटर असल्यास...' हे उदाहरण मूल ज्या खोलीत बसून सोडवते, ती खोली किती बाय किती आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते.

घराच्या बांधकामात, डागडुजीत, रंगरंगोटीत मुलांना सामील करून घ्या, त्यातून गणित, विज्ञान, भूगोल आपसूक येईल, असे सांगणारी शिक्षणविचाराची एक जुनी परंपरा आहे. तिला नव्याने बरे दिवस आले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणापासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंत सगळीकडे 'हाताने शिका' चालू आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. या कामांत शालेय विषय ठासून भरलेले आहेत, यात शंका नाही. पण ते 'आपसूक' येतात, हे गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनात टिकलेले नाही. कामातले गणित वहीत आणायला कुणाला तरी थांबावे लागते, आणि ते कुणी थांबायचे हाच या सगळ्या प्रश्नातला अवघड भाग आहे.

कामात काय दडले आहे हे कळायला एकच काम जवळून पाहू. १२ बाय १० फुटांची खोली आणि बाजारात 'दोन बाय दोन' म्हणून मिळणारी व्हिट्रिफाइड टाइल. सहावीतले मूल चटकन सांगेल, १२० भागिले ४, म्हणजे ३० टाइल्स. दुकानात गेल्यावर खोक्यावर छापलेले दिसते, ६०० बाय ६०० मिमी. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. म्हणजे टाइल प्रत्येक बाजूला जवळजवळ एक सेंटिमीटर तोकडी. तिचे क्षेत्रफळ ४ चौरस फूट नाही, ३.८७ आहे. पुन्हा भागाकार केला की उत्तर येते ३१.

पुस्तकातले गणित इथे संपते आणि मिस्त्रीचे सुरू होते. दहा फुटांच्या बाजूला पाच टाइल्स लावल्या की भिंतीशी पावणेपाच सेंटिमीटरची जागा उरते. बारा फुटांच्या बाजूला सहा लावल्यावर पावणेसहा सेंटिमीटरची. तिथे चिंचोळ्या पट्ट्या कापून बसवायच्या. अशी पट्टी कापताना तुटते, आणि बसली तरी डोळ्यांत खुपते. मग मालक म्हणतात, पट्टी नको, दोन्ही कडांना सारखे तुकडे घ्या. ठीक. आता रुंदीत मधे चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही कडांना सुमारे ३२-३२ सेंटिमीटरचे तुकडे. टाइल ६० सेंटिमीटरची, तुकडा ३२चा. अर्ध्याच्या जेमतेम वर गेल्यामुळे एका टाइलमधून एकच तुकडा निघतो आणि २८ सेंटिमीटर भंगारात जातात. लांबीतही तोच प्रकार, पाच अख्ख्या आणि दोन कापलेल्या. म्हणजे एका रांगेत सहा, अशा सात रांगा, एकूण ४२. खोली तीच, टाइल तीच, आणि उत्तर ३० पासून ४२ पर्यंत काहीही. मुरलेला मिस्त्री मधला मार्ग काढतो. दारासमोरून अख्ख्या टाइल्सनी सुरुवात करायची आणि चिंचोळी पट्टी पलंगामागे किंवा कपाटाखाली ढकलायची.

या अर्ध्या तासाच्या घासाघिशीत एककांचे रूपांतर, क्षेत्रफळ, दशांश अपूर्णांक आणि नासाडीची टक्केवारी हे सगळे येऊन गेले. शाळेत 'बाकी' कोपऱ्यात लिहून विसरायची असते. इथे सगळा खर्च ती बाकीच ठरवते. शिवाय पुस्तकाच्या शेवटी छापता येईल असे एकच उत्तरही नाही. किती खर्चाला किती देखणेपण, हे घरच्यांनी ठरवायचे आहे. दहा वर्षांच्या मुलासमोर ही चर्चा झाली तर त्याला गणित कशासाठी असते हे कुणी वेगळे सांगावे लागत नाही. चर्चा बहुधा फोनवर होते आणि मूल आजोळी असते, हा भाग वेगळा.

फरशी बसवणाऱ्याच्या पिशवीतली हत्यारेही अशीच बोलकी असतात. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे पाहायला तो कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधले तिरपे अंतर ५ फूट भरते का पाहतो. पायथागोरस नावाच्या माणसाशी त्याची ओळख असेलच असे नाही. जुन्या वाड्यात किंवा चाळीत ते अंतर क्वचितच बरोबर पाच भरते, म्हणून शेवटची रांग तिरकी जाते. पारदर्शक नळीत पाणी भरून तो खोलीच्या दोन टोकांना एकच पातळी काढतो. ओळंबा भिंत उभी आहे की झुकली ते सांगतो. न्हाणीघराच्या फरशीला फुटामागे एक-दोन सूत ढाळ द्यावा लागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अर्धा, पाव, अष्टमांश हे अपूर्णांक टेपवर बोट ठेवून जितके लवकर समजतात तितके पोळीची चित्रे रंगवून समजत नाहीत.

विज्ञानाचा वाटा आणखी मोठा आहे. गिलाव्यावर आठवडाभर पाणी का मारायचे, हा प्रश्न मुलाला पडायलाच हवा. सिमेंट वाळून घट्ट होते, असे मोठी माणसेही समजतात. खरे तर त्याचा पाण्याशी रासायनिक संयोग होत असतो, आणि लवकर वाळले तर तो अर्धवट राहतो. कळीच्या चुन्यात पाणी घातले की तो फसफसून तापतो आणि भिंतीवर लावल्यानंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. दहावीच्या पुस्तकातली ही समीकरणे आजोबांच्या पिढीने भिंतीवर पाहिली होती. गळका नळ ही तर आयती प्रयोगशाळा आहे. औषधाच्या बाटलीचे ५ मिलीचे झाकण थेंबांखाली धरायचे आणि घड्याळ लावायचे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर ते साधारण १०० सेकंदांत भरते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून थोडे जास्त, महिन्याला सव्वाशे लिटरांच्या पुढे, आणि हे सगळे दहा रुपयांच्या वायसरपायी. अर्ध्या इंची पाइपाऐवजी एक इंची टाकला तर पाणी जाण्याची जागा दुप्पट होईल असे बहुतेक मुले म्हणतात. ती चौपट होते, आणि का, हे वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात आहे. विजेचे एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर. तेवढ्यात ६० वॅटचा जुना बल्ब साडेसोळा तास जळतो आणि ९ वॅटचा एलईडी १११ तास. बिलावरची आकडेमोड इथून सुरू करावी.

भूगोल-इतिहासासाठी थोडे खोदावे लागते, पण तेही सापडतात. कोकणात पावसाळ्याआधी शाकारणी निघते तेव्हा कौल पालथे करून पाहायला मुलाला सांगावे. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. ही कौले करण्याचा पहिला मोठा कारखाना बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला, आणि किनाऱ्यावरच्या बोटींतून ती रत्नागिरी-गोव्याच्या छपरांवर आली. कोकणात छप्पर उतरते का आणि मराठवाड्यात धाब्याचे घर सपाट का, हा पर्जन्यमानाचा धडा आहे. भाषेचे मात्र उगाच ओढूनताणून करू नये. कोटेशन वाचता येणे, मिस्त्रीने सांगितलेल्या सामानाची यादी नीट लिहिणे एवढे येते, आणि ते कमी नाही. पण कविता फरशीतून शिकवायला जाऊ नये.

हे ओढूनताणून करण्याचे दुखणे आपल्याकडे जुने आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. उत्पादक हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफावे, ही कल्पना तिथे मांडली गेली. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला, १९३८च्या हरिपुरा काँग्रेसनंतर हिंदुस्तानी तालिमी संघ उभा राहिला आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामात त्या धर्तीची शाळा चालवली. 'नई तालीम' म्हणून ओळखल्या गेलेल्या या योजनेत कळीचा शब्द होता समवाय, म्हणजे काम आणि विषय यांची सांगड. मला ती सगळी योजना याच शब्दावर तोललेली वाटते. सूत कातणे हे शिक्षण नाही. ताशी किती तार निघाले, कापूस किती वाया गेला, काल आणि आज यांत फरक का पडला, हे वहीत उतरवून त्यावर बोलणे हे शिक्षण. सेवाग्रामात ज्यांना हे साधत होते त्यांच्या हाती ती पद्धत जिवंत राहिली. गावोगावच्या शाळांत मात्र ना तशी तयारी झालेले शिक्षक होते, ना वेळ. तिथे समवाय सुटला, टकळी तेवढी उरली. परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी या योजनेच्या स्वावलंबी अंगाला, म्हणजे मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याला हरकत घेतली होती. ती हरकत रास्त होती. मुलाच्या कामाचे पैसे मोजायला लागलो की त्याच्या चुकांना जागा उरत नाही, आणि चुकांना जागा नसेल तिथे कारखाना असतो.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' आणला. त्याचे काय झाले हे वाचकांना मी सांगायला नको. स्टेशनरीच्या दुकानातून तयार क्रेप कागदाची फुले आणायची, आईकडून पंखा करून घ्यायचा आणि श्रेणी मिळवायची. १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव दिले, फुले तीच राहिली.

महाराष्ट्रात या परंपरेचा सर्वांत गंभीर प्रयोग झाला तो पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली पोरे तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, आहार-आरोग्य अशी कामे करतात, तीही गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाईक खरे असले की माप चुकवून चालत नाही. तिथल्या मुलांनी भौमितिक घुमट बांधले, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेर निघालेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी (संगणकचालित यंत्रांच्या कार्यशाळांपैकी) एक पाबळला आली. आश्रमाने 'मूलभूत तंत्रज्ञान' हा आठवी ते दहावीचा विषय माध्यमिक शाळांत नेला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. शाळेचा नळ, शाळेची भिंत, शाळेचा बल्ब मुलांनीच दुरुस्त करायचा. त्यातली माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी की कामासोबत खर्च काढणे, आकृती काढणे आणि नोंद ठेवणे हेही कामाचाच भाग धरले जाते. वेल्डिंग झाले म्हणजे तास संपला, असे नाही.

या नोंदीला मी इतके महत्त्व का देतो? कारण संशोधन तिथेच बोट ठेवते.

१९८५ मध्ये तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी ब्राझीलच्या रेसिफी शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले ९ ते १५ वर्षांची. गिऱ्हाईक म्हणून विचारले तर त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते शाब्दिक उदाहरण म्हणून दिली तर ७४ टक्के, आणि नुसती आकड्यांत मांडून दिली तर ३७ टक्के. अभ्यास छोटा होता, पण गणितशिक्षणात तो फार गाजला. हातात असलेले गणित वहीत का येत नाही, हा प्रश्न त्याने उभा केला.

चाळीस वर्षांनी भारतातच त्याचे मोठे उत्तर मिळाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. २०२५ मध्ये ती 'नेचर'मध्ये आली. जवळजवळ सगळी मुले बाजारातला अवघड हिशेब तोंडी अचूक करत होती. ते पाठांतर नव्हते, कुणी मदतही करत नव्हते. पण तेवढाच किंवा त्याहून सोपा हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर दिला की ती अडत होती. याहून बोचरा भाग पुढे आहे. जवळच्याच शाळांतली, बाजारात कधी काही न विकलेली ४७१ मुले नेमकी उलट निघाली. कागदावरचे बरे जमत होते, बाजारातले जमत नव्हते. म्हणजे दोन्हीकडचे शिक्षण आपापल्या जागी पक्के, आणि दोहोंमध्ये पूल नाही. 'काम करू द्या, गणित येईल' म्हणणाऱ्याला हे जितके खटकले पाहिजे तितकेच 'आधी पाढे पाठ करा, बाकी आयुष्य शिकवील' म्हणणाऱ्यालाही.

मग घरबांधणीच्या कामाबद्दल वेगळी आशा धरायला जागा आहे का? थोडी आहे. याच ब्राझीलच्या गटाने बांधकामावरच्या मुकादमांना नकाशे दिले होते. त्यांच्या रोजच्या कामात कधी न येणाऱ्या प्रमाणांचे नकाशेही त्यांतल्या बऱ्याच जणांनी उलगडले. वेंडी मिलरॉय या संशोधिकेने दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला सुतारांच्या हाताखाली उमेदवारी करून १९९२ मध्ये लिहिले की या सुतारांच्या कामात समांतरता, सममिती, काटकोन यांचा विचार सतत चालू असतो, फक्त तो शाळेच्या भाषेत बोलला जात नाही. बांधकाम आणि सुतारकाम यांत आधी कागदावर रेघ मारावी लागते. मग ती भिंतीवर उतरते. भाजीच्या गाडीवर ही पायरी नसते. माझ्या मते घरबांधणीच्या कामाचे वेगळेपण इथे आहे. रेखाटन हा या कामाचा स्वतःचा भाग असल्याने वहीकडे जाणारी वाट त्यात आधीच अर्धी तयार असते.

धारावीचा अभ्यासही इथे उपयोगी पडतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी तिथल्या शाळकरी मुलांचे शाळेबाहेरचे गणित तपासले. घरोघरी चालणाऱ्या उद्योगांत ही मुले हातभार लावतात. ज्यांच्या वाट्याला तेच ते तुकड्याचे काम येते त्यांना गणिताला फारसा वावच मिळत नाही. माल किती, भाव काय, नफा किती, यांत ज्यांना शिरकाव असतो त्यांचे गणित पुष्कळ पुढे असते. पालकांनी हे ध्यानात ठेवावे. मुलाच्या हाती पॉलिश पेपर देऊन 'घास' म्हटले तर हात दुखतील, शिक्षण होणार नाही. किती घासायचे, कितव्या नंबरच्या कागदाने, रंगाचे हात किती आणि डबा कितीचा आणायचा, हे ठरवायला घेतले तर होईल.

अडचणींकडे आता यावे. पहिली अडचण घाईची. हॅरिएट रायनगोल्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये अमेरिकेत पाहिले की दीड-दोन वर्षांची पोरे कुणी न सांगता झाडण्या-आवरण्यात हातभार लावतात. त्यांचे आईबाप मात्र ही कामे मूल झोपले की उरकत असत. मोठी माणसे जगभर सारखीच. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालाच्या माया समाजात याच्या उलट पाहिले. तिथे लहान मूल मोठ्यांच्या कामात असतेच, बघत असते, जमेल तेवढे करते, आणि त्याला वेगळे 'शिकवावे' लागत नाही. आपल्याकडे खेड्यात कालपरवापर्यंत हेच होते. सारवण करताना नातीच्या हाती शेणाचा एक गोळा दिला जाई. शहरात काम ठेक्यावर जाते, ठेकेदाराला पुढची साइट असते, आणि मुलासाठी थांबण्याचे पैसे कुणी देत नाही. यावर उपाय एकच दिसतो. मोठे काम ठेकेदाराचे, छोटे मुलाचे. अख्खी खोली नाही, एक भिंत. नवे प्लंबिंग नाही, एक वायसर.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. सदाशिव पेठेतल्या मुलाने भिंत रंगवली तर तो 'अनुभव'. गवंड्याच्या मुलाने रंगवली तर ती मजुरी. २०१६च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी करतो, मात्र शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत करण्याची मुभा देतो. ही फट किती रुंद आहे ते घराच्या उत्पन्नावर ठरते. बांधकामावर राहणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस सुरू केले. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूल १९८८ पासून काम करते आहे. त्या मुलांना वाळूचा ब्रास, सिमेंटचे प्रमाण, घमेल्यांचा हिशेब ठाऊक असतो. वर्गात बसल्यावर ते सगळे शून्य धरले जाते आणि 'मूल मागे आहे' असा शेरा पडतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ट्यूसॉनला लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी हे उलटवून दाखवले होते. मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांत जाऊन कुणाला काय येते याची त्यांनी नोंद केली. एका शिक्षिकेने मग बांधकाम हाच विषय घेतला आणि पालकांना वर्गात बोलावून मुलांपुढे बोलते केले. गवंडी बाप वर्गात तज्ज्ञ म्हणून उभा राहिला की त्याच्या मुलाचा वर्गातला दर्जा बदलतो. हे करायला आपल्या महापालिकेच्या शाळांना एक खडू आणि एक निमंत्रण पुरेल. करत कुणी नाही.

तिसरी अडचण मुलींची. घरकामातून शिक्षण म्हटले की अनेक घरांत मुलगी भांड्यांकडे आणि मुलगा ड्रिलकडे जातो. मुलीच्या वाट्याला घरकाम आधीच पुरेसे आहे, तिला हवा आहे तो ओळंबा. सुतारकाम, फरशी, वायरिंग यांत अवकाशाची जाण वाढते, आणि ही जाण सरावाने वाढते याला चांगला पुरावा आहे. ती पुढे विज्ञान-अभियांत्रिकीत लागते. तिथे मुली कमी का, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी घरातला ड्रिल कुणाच्या हाती आहे ते एकदा बघावे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण ठाम. ॲसबेस्टॉसचा पत्रा कापणे किंवा भोक पाडणे मुलांसमोरही करू नये. जुन्या भिंतीचा रंग खरवडताना मूल दूर हवे, कारण घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७च्या अखेरीपासून लागू झाली आणि त्याआधीच्या थरांत काय आहे ते दिसत नाही. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. मेन स्विच, परांची आणि ग्राइंडर मोठ्यांचे.

राहिली शाळा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्यासोबत काढावेत असे सुचवले आहे. कल्पना चांगली आहे, आणि तिचा कार्यानुभव व्हायला वेळ लागणार नाही. दहा दिवस सहल निघेल, फोटो निघतील, अहवाल वर जाईल. ती वाचवायची तर अकराव्या दिवशी वर्गात काय होते ते पाहायला हवे. सुताराकडे मोजलेले माप फळ्यावर येते का? भूमितीच्या तासाला त्या चौकटीची आठवण निघते का? शिक्षकाला त्यासाठी अभ्यासक्रमातले चार तास मोकळे मिळतात का? बाजारातल्या मुलांवरचा तो अभ्यास एवढेच सांगतो की फळ्यावर आले नाही तर ते शाळेच्या उपयोगाचे राहत नाही.

पालकांना माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी रंग किंवा फरशी काढाल तेव्हा ठेकेदाराचे कोटेशन यायच्या आधी टेप मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्या. खोलीचा नकाशा, सामानाचा अंदाज आणि खर्च एका पानावर त्यांना काढू द्या, चुकू द्या, दुरुस्त करू नका. कोटेशन आले की दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि फरक का पडला ते मिस्त्रीलाच विचारायला लावा. शिक्षकांनो, ते पान गणिताचा प्रकल्प म्हणून स्वीकारा आणि त्याचे गुण द्या. त्याला शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.